स्लॅबच्या स्वयंपाकघरात लाकडाची लोखंडी चूल बसवताना हवेची सोय कशी करावी?

रानवाट (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे आमचे जुने कौलारू घर होते. ते उतरवून त्याच जागी आम्ही विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असे नवे घर बांधले असून, इकडच्या पावसाला स्लॅब पुरत नाही म्हणून त्यावर लोखंडी सांगाडा करून पत्रेही घातले आहेत. वास्तुशास्त्राच्या आग्रहाखातर स्वयंपाकघर आग्नेयेला घेतले, त्यामुळे त्याच्या दक्षिण आणि पूर्व या दोनच भिंती बाहेरच्या आहेत. खोली १० फूट बाय १२ फूट असून उंची १० फूट आहे. खिडकीला ॲल्युमिनियमची सरकती तावदाने आहेत आणि पूर्वेच्या भिंतीत वर ९ इंची एक्झॉस्ट फॅन आहे.

गॅस आहेच. परंतु भाकरीसाठी, आंघोळीच्या पाण्यासाठी आणि पावसाळ्यात घरात साठणाऱ्या ओलीसाठी आईवडिलांना लाकडाची चूल हवी आहे, आणि त्यांच्या या म्हणण्यात मलाही तथ्य वाटते. म्हणून बेळगावात जाड पत्र्याची बंद चूल करून घेतली. वर दोन भांड्यांची जागा, पुढे दार, दाराखाली हवा कमीजास्त करण्याची सरकती झडप, आत लोखंडी जाळी आणि मागे ६ इंची धुराड्याचे तोंड, अशी तिची रचना आहे. धुराड्याचा पाइप स्लॅबमधून वर नेला आहे, मात्र पत्र्याला भोक पाडले की ते गळणारच, अशी वडिलांना धास्ती असल्यामुळे तो सध्या पत्र्याच्या खालीच थांबवला आहे.

चूल पेटवून पाहिली तेव्हा परसदार उघडे होते, आणि जाळ इतका छान लागला की खोलीत धूर जाणवलाही नाही. दार लावून फॅन सुरू केल्यावर मात्र चुलीच्या तोंडातून धूर खोलीत येऊ लागला, आणि फॅन बंद केल्यावर तो पुन्हा कमी झाला. गवंडी म्हणतात की छताजवळ जाळी ठेवा, म्हणजे धूर निघून जाईल. मेहुण्यांचे म्हणणे असे की ९ ऐवजी १२ इंची फॅन बसवा. भिंत फोडण्याआधी विचारावेसे वाटले: हवेसाठी जागा किती ठेवावी, कोणत्या भिंतीत आणि किती उंचीवर?

आराखडा यांचे उत्तर

गवंडी आणि मेहुणे या दोघांनीही धूर बाहेर कसा काढावा याचा विचार केला आहे. आपल्या खोलीची अडचण मात्र हवा आत येत नाही ही आहे. धूर बाहेर काढण्याचे काम धुराडे करते, आणि ते काम त्याला जमावे यासाठी जेवढी हवा वर जाते तेवढीच नवी हवा खोलीत यावी लागते.

थोडा हिशोब मांडतो. १ किलो सुके लाकूड पूर्ण जळण्यासाठी सुमारे ५ घनमीटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात चूल त्याच्या दुप्पट तरी ओढते. आपली चूल भर जाळावर तासाला अडीच किलो लाकूड खाईल असे धरले, तर तिला तासाला २५ घनमीटरच्या आसपास हवा हवी. ही काही फार मोठी मागणी नाही. याउलट ९ इंची एक्झॉस्ट फॅन तासाला ५०० घनमीटर किंवा त्याहूनही अधिक हवा बाहेर फेकतो. आपली संपूर्ण खोली ३४ घनमीटरची आहे, म्हणजे तीतली सगळी हवा चार मिनिटांत बाहेर टाकण्याची ताकद त्या फॅनमध्ये आहे. दारे-खिडक्या बंद असताना ही हवा त्याने आणायची कोठून? सरकत्या तावदानांच्या फटी त्याला पुरत नाहीत, तेव्हा तो ती धुराड्यातून खाली ओढतो आणि तिच्याबरोबर धूरही खोलीत येतो.

धुराड्याची ओढ किती नाजूक असते हेही लक्षात घ्यावे. ४ मीटर उंचीच्या धुराड्यात सरासरी १५० अंश सेल्सिअसची गरम हवा असली, तरी तिची ओढ जेमतेम १४ पास्कल भरते, म्हणजे पाण्याच्या दीड मिलिमीटर थराइतकीच. बंद खोलीत फॅन ती सहज मोडून काढतो. म्हणून १२ इंची फॅन बसवल्यास त्रास कमी होण्याऐवजी वाढेल. स्वयंपाकघरातील विजेच्या चिमण्या तर तासाला १,००० घनमीटरहून अधिक हवा ओढतात. लाकडाच्या चुलीच्या खोलीत ती वस्तू मी बसवूच देत नाही.

छताजवळच्या जाळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तापलेल्या खोलीत वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते, म्हणजे ती जाळी हे एक दुसरे आखूड धुराडेच ठरते. खाली हवा येण्यास वाट नसेल तर ही दोन धुराडी एकाच हवेसाठी भांडतात आणि चूल थंड असताना, म्हणजे नेमकी पेटवण्याच्या वेळी, खरे धुराडे हरते. फोडणीचा वास आणि वाफ जाण्यासाठी वरची जाळी जरूर ठेवावी, पण खालची वाट तिच्यापेक्षा मोठी असली पाहिजे, आणि काम आधी खालच्या वाटेचे व्हावे.

आता आकार. इंग्लंडच्या बांधकाम नियमावलीत, घट्ट बांधणीच्या नव्या घरांत चुलीच्या दर किलोवॉट क्षमतेमागे ५५० चौरस मिलिमीटर जागा कायमची उघडी ठेवावी असा दंडक आहे. आपली चूल खोलीला आणि भांड्याला मिळून सुमारे ६ किलोवॉट उष्णता देईल असे धरले, तर तेथील नियमाने ३३ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. परंतु तो नियम कारखान्यात तयार झालेल्या, घट्ट दाराच्या चुलींसाठी आहे. आपल्या चुलीचे दार दर लाकडागणिक उघडले जाणार आणि भांडे उचलले की वरचे तोंडही उघडे पडणार. म्हणून मी आपल्याला ४ इंची दोन पाइपांची, म्हणजे सुमारे १६० चौरस सेंटिमीटरची वाट ठेवण्यास सांगेन. ती जमिनीपासून ९ इंच ते १ फूट उंचीवर, चुलीच्या जवळ असावी, म्हणजे गार हवा चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवरून न जाता थेट जाळाकडे जाईल.

भिंत दक्षिणेचीच घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेची भिंत वाऱ्याच्या आडोशाला राहते आणि तिच्या बाहेर हवेचा दाब कमी पडतो. त्या भिंतीत ठेवलेली वाट जोराच्या वाऱ्यात हवा आत देण्याऐवजी बाहेर ओढू लागते.

फॅन काढून टाकण्याची गरज नाही. चूल थंड असताना, गॅसवर काही तळायचे झाल्यास तो खुशाल वापरावा. चुलीत निखारे असेपर्यंत मात्र तो बंद असावा. लावणे अगदीच भाग पडले, तर खिडकीचे एक तावदान पूर्ण सरकवल्यावरच लावावा. मी सांगितलेल्या दोन पाइपांनी चुलीची गरज भागते, फॅनची भागत नाही.

काम झाल्यावर परीक्षा घेण्याची सोपी रीत अशी. दारे-खिडक्या लावून चूल पेटवावी, जाळ स्थिरावल्यावर पेटती उदबत्ती चुलीच्या दाराच्या फटीशी धरावी. धुराची रेघ आत वळली तर सोय पुरेशी आहे. ती घुटमळली किंवा खोलीकडे वळली, तर वाट आणखी वाढवावी लागेल.

ऐरण यांचे उत्तर

आराखडा यांनी हवेचे सांगितले. मी पत्र्याचे आणि पाइपाचे काम करतो, तेवढ्यापुरते लिहितो.

पत्र्याखाली पाइप थांबवला आहे हे वाचून काळजी वाटली. स्लॅब आणि पत्रा यांच्यामधल्या जागेत आपल्याकडे काय काय असते हे सर्वांना ठाऊक आहे: वाळत घातलेले कपडे, रचलेले जळण, गवताच्या पेंढ्या, काजूची पोती. तिथे धुराड्याचे तोंड सोडणे म्हणजे ठिणगी जळणावर सोडणे. शिवाय वाऱ्याने कोंडलेला तो धूर जिन्याच्या दारातून पुन्हा घरात उतरतो. पाइप पत्र्याच्या वर गेलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही.

वर किती न्यावा यासाठी अनेक ठिकाणी पाळला जाणारा नियम असा आहे, की पाइप छपरातून जिथे बाहेर पडतो तिथून किमान ३ फूट वर असावा आणि भोवतीच्या १० फुटांत जे काही उंच असेल त्याच्याही २ फूट वर असावा. आपले स्वयंपाकघर पूर्वेला, म्हणजे पत्र्याचा आढा बहुधा पश्चिमेला उंच असणार. पावसाळी वारा आढ्यावरून येऊन पलीकडे खाली कोसळतो आणि आखूड पाइप असेल तर धूर त्याच्यासकट खाली दाबतो. म्हणून आढा १० फुटांच्या पलीकडे असला तरी शक्य झाल्यास पाइप आढ्याच्या उंचीपर्यंत न्यावा आणि त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यावेत.

गळतीची धास्ती योग्य आहे, पण तिच्यावर उपाय आहे. पत्र्याच्या भोकाभोवती उभी कॉलर करून पत्र्यावर बसवायची आणि पाइपाला तिच्या वर छत्रीसारखा झगा जोडायचा, म्हणजे पाइपावरून ओघळणारे पाणी कॉलरच्या बाहेर पडते. कॉलर आणि पाइप यांत बोटभर मोकळी जागा राहू द्यावी. ती सिलिकॉनने भरू नये, कारण साधे सिलिकॉन त्या उष्णतेत टिकत नाही आणि पाइप तापून वाढला की जोड फाटतो. पाइपाच्या शेंड्याला टोपी घालावी, परंतु टोपी आणि पाइपाचे तोंड यांत पाइपाच्या निम्म्या व्यासाएवढे, म्हणजे ३ इंच तरी अंतर ठेवावे.

चुलीचे तोंड ६ इंची असेल तर शेंड्यापर्यंत पाइप ६ इंचीच राहिला पाहिजे. स्लॅबमध्ये ४ इंची स्लीव्ह (पाइप आरपार नेण्यासाठीची नळी) आधीच टाकून ठेवलेला असतो म्हणून मध्येच पाइप लहान करणारे लोक मी पाहिले आहेत. तसे असल्यास स्लॅबमधले भोक कोअर कटरने (काँक्रीट गोल कापणाऱ्या यंत्राने) मोठे करून घ्यावे. वळणे दोनापेक्षा जास्त नकोत आणि काटकोनी तर नकोतच, ४५ अंशांची घ्यावीत. जळू शकणाऱ्या कोणत्याही वस्तूपासून, म्हणजे लाकडी कपाट, पीव्हीसीचे पाइप, विजेची वायर यांपासून उघडा पाइप त्याच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे दीड फूट दूर असावा. स्लॅबच्या वरचा भाग दुहेरी पत्र्याचा करून मध्ये खनिज लोकर भरल्यास खर्च वाढतो खरा, पण आपल्याकडच्या पावसात उघडा पाइप सतत गार पडतो, धूर आतच निवतो आणि डांबरासारखे काळे पाणी चुलीत उतरते. तो खर्च टाळू नये असे माझे मत आहे.

शुश्रूषा यांचे उत्तर

रानवाट भाऊ, मी रुग्णालयात परिचारिका आहे. धूर दिसला नाही म्हणजे धोका नाही, असे आपण समजू नये एवढ्यासाठी लिहीत आहे.

जाळ जोरात असताना धूर दिसतो आणि माणूस खिडकी उघडतो. स्वयंपाक आटोपल्यावर निखारे राहतात, धूर थांबतो, खोली उबदार लागते आणि पावसाळ्यात सगळी दारे लावली जातात. नेमक्या याच वेळी कार्बन मोनॉक्साइड अधिक तयार होतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी रक्तात साठत जातो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, हातापायांतले त्राण जाणे ही त्याची लक्षणे आहेत. घरातल्या सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी झाली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर ते पित्त नव्हे. सर्वांनी लगेच बाहेर पडून दवाखाना गाठावा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे बेशुद्ध पडलेली माणसे आणली जातात, त्यांच्या बाबतीतही हेच घडलेले असते.

म्हणून रात्री निखारे धरून ठेवण्यासाठी चुलीची झडप आणि धुराड्यात ओढ कमी करण्यासाठी पट्टी असल्यास ती पूर्ण बंद करण्याची सवय लावून घेऊ नये. ज्या खोलीत चूल आहे तिथे कोणी झोपू नये. वडीलधाऱ्यांना उबेसाठी तिथेच अंथरूण घालण्याचा मोह होतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अवश्य बसवावा. बाजारात मिळणारा गॅसगळतीचा अलार्म हे काम करीत नाही, तो केवळ सिलिंडरच्या गॅससाठी असतो. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर दारा-खिडक्यांच्या वर, छतापासून किमान ६ इंच खाली आणि चुलीपासून १ ते ३ मीटर अंतरावर लावावा.

सोपामाजघर यांचे उत्तर

वरील सर्व उत्तरे वाचली. एक जुना माणूस म्हणून विचारतो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत कोणी ४ इंची पाइप भिंतीत घातले होते काय? तिथे तिन्हीत्रिकाळ चूल पेटत असे.

याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते कौलांत आहे. मंगलोरी कौलांच्या दर जोडातून हवा फिरते, दारांच्या फळ्यांत फटी असतात, भिंतीही आढ्यापर्यंत बंद केलेल्या नसतात. संपूर्ण छप्परच धुराडे होते. त्याचबरोबर हेही लिहिले पाहिजे की त्या घरांतल्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसे त्या धुरातच गेली, आणि वाशांवरची काजळी पाहून त्या काळाचे गोडवे गाणे मला पटत नाही.

बिनधुराच्या चुली आपल्या भागाला नव्या नाहीत. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग निघाला आणि त्याने तीन भांड्यांची, जाळीची आणि धुराड्याची मातीची चूल तयार केली. ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) या नावाने ती कर्नाटकात गावोगाव बसली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रमही २००२ पर्यंत चालू होता. त्यांतल्या पुष्कळ चुली पुढे मोडल्या, कारण अरुंद धुराडी काजळीने बुजली आणि ती साफ करण्याचे काम नेमके कोणाचे, हे कोणत्याच घरात ठरले नव्हते. तेव्हा रानवाट, धुराडे कितीही चांगले करा, ते झाडण्याची सोय आधी करा.

काजूची टरफले मात्र या चुलीत घालू नका. आपल्या भागात ती मुबलक मिळतात, पण त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, आणि त्याची चिकट काजळी पाइपात बसते.

रानवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना ऐरण यांचे उत्तर वाचून दाखवले. कॉलर आणि झग्याची कल्पना त्यांना पटली असून पाइप पत्र्याच्या वर नेण्यास ते तयार झाले आहेत. स्लॅबमधला स्लीव्ह सुदैवाने ८ इंची आहे.

दोन शंका उरतात. दक्षिणेच्या भिंतीवर जुलैत झड इतकी येते की गिलाव्यातून पाणी पाझरते; जमिनीलगत भोके ठेवल्यास पाणी आत येणार नाही काय? आणि आमच्या परसात घुशी, उंदीर आणि सापही निघतात, त्यांचे काय करावे? आई म्हणते की मच्छरदाणीची जाळी लावून टाकू.

आराखडा यांचे उत्तर

मच्छरदाणीची जाळी लावू नये. तिची छिद्रे इतकी बारीक असतात की पहिल्याच उन्हाळ्यात धुळीने आणि काजळीने बुजतात, आणि ती बुजल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ६ मिलिमीटर चौकटीची वेल्डेड जाळी घ्यावी. तीतून उंदीर येत नाही, सापही सहसा येत नाही, आणि ती ब्रशने झाडता येते. जाळीच्या तारा जेवढी जागा खातात तेवढी भरून काढण्यासाठी तोंडाशी पाइप ४ ऐवजी ५ इंची घ्यावा.

पाण्यासाठी पाइप भिंतीत आडवा न बसवता बाहेरच्या बाजूस थोडा उतार देऊन बसवावा आणि बाहेरच्या तोंडाला खाली वळलेले एल्बो जोडावे. त्याचे तोंड बाहेरच्या जमिनीपासून किमान दीड फूट उंच राहील असे पाहावे, नाहीतर पागोळ्यांच्या पाण्याचे शिंतोडे आत उडतात. आपले जोते उंच असल्यास हे सहज साधेल. आत गार वारा लागतो म्हणून पाइपाला झाकण बसवण्याची सूचना घरातून येईल. ती मान्य करू नये, कारण एकदा झाकण बसले की ते लागलेलेच राहते.

लादी अजून बसायची असेल, तर याहून चांगला मार्ग आहे. यांपैकी एक पाइप फरशीखालून नेऊन थेट चुलीच्या राखेच्या कप्प्याखाली उघडावा. चुलीपासूनचा शेवटचा २ फूट भाग लोखंडी किंवा भाजलेल्या मातीचा ठेवावा, पीव्हीसीचा नको. त्यामुळे जाळाला लागणारी बहुतेक हवा खोलीला न थंडावता येते आणि पावसाळ्यात ओल घालवण्याचा आपला हेतूही साधतो. दुसरा पाइप भिंतीतच राहू द्यावा, कारण चुलीचे दार उघडताच खोलीतली हवाही ओढली जाते.

ऐरण यांचे उत्तर

सोपामाजघर काकांनी झाडण्याचा मुद्दा काढला, त्यावर थोडे लिहितो. चुलीच्या मागून निघणारा पाइप सरळ वळवून वर नेऊ नका. तिथे टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) बसवा आणि त्याच्या खालच्या तोंडाला ओढून काढता येईल असे झाकण करा. काजळी तिथेच पडते आणि चूल न हलवता काढता येते. ६ इंची तारेचा ब्रश जोडकाठीला लावून खालूनच वर घालता येतो, त्यामुळे पावसात पत्र्यावर चढण्याचा प्रश्न येत नाही.

लाकूड सुके असेल तर वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, पाइप झाडला तरी पुरतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते, आणि ते २० टक्क्यांखाली यायला फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असे रचून एक उन्हाळा जावा लागतो. अकेशिया आणि काजूच्या फांद्या कार्तिकात फोडून ठेवल्या तर पुढच्या पावसाळ्याला त्या वापरता येतात. जुलैत ओली फाटी जाळणे भाग पडले, तर दर महिन्याला टीचे झाकण काढून पाहावे. आत चकचकीत, काचेसारखा काळा थर दिसला तर तो ब्रशने निघत नाही आणि पेट घेऊ शकतो, तेव्हा चूल बंद ठेवून तो पाइप उतरवावा आणि बदलून घ्यावा.